एकच चिप, दोन किमती : कॅडच्या ग्राफिक्स कार्डांचा साठ वर्षांचा इतिहास

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात गेलेला विद्यार्थी संगणक घ्यायला निघाला की एक प्रश्न त्याच्यापुढे हमखास उभा राहतो. यंत्रांचे भाग, साचे, इमारती यांचे आराखडे संगणकावर रेखाटायचे, म्हणजे कॅडचे काम करायचे, तर ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे? बाजारात दोन जाती दिसतात. एक खेळांसाठीची, म्हणजे गेमिंगची. दुसरी वर्कस्टेशनसाठीची, जिला ‘व्यावसायिक’ म्हणतात. दुसरीची किंमत पहिलीच्या तिप्पट, चौपट. मित्र म्हणतात, गेमिंगचे कार्ड घे, तेवढेच वेगवान असते. महाविद्यालयातील कुणी सांगते, गेमिंगच्या कार्डावर केलेल्या आराखड्यात चुका येतात. घरच्यांनी कर्ज काढून दिलेल्या पैशांचा प्रश्न असल्यामुळे चूक परवडणारी नसते.

माहितीपत्रक नीट वाचले तर गोंधळ आणखी वाढतो. एनव्हिडिया या कंपनीने २०२० साली जीफोर्स आरटीएक्स ३०९० हे गेमिंगचे कार्ड १४९९ डॉलर या घोषित किमतीला आणले. त्याच वर्षाच्या शेवटी आरटीएक्स ए६००० हे व्यावसायिक कार्ड सुमारे ४६५० डॉलरला आले. दोहोंच्या पोटात जीए१०२ हीच चिप आहे. गेमिंगच्या कार्डात तिचे १०,४९६ गणनघटक चालू असतात, व्यावसायिक कार्डात १०,७५२. फरक तीन टक्क्यांहूनही कमी. मेमरी मात्र २४ गिगाबाइटऐवजी ४८, आणि विजेचा वापर ३५० वॅटऐवजी ३००. एवढ्यासाठी तिप्पट पैसे का?

‘ही निव्वळ लूट आहे’ हे या प्रश्नाचे एक सोपे उत्तर, आणि ‘महाग ते चांगलेच’ हे दुसरे. दोन्ही अपुरी आहेत. हा फरक कुठून आला, तो कधी सिलिकॉनमध्ये होता, कधी सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि कधी केवळ परवान्याच्या कागदावर उरला, हे समजून घेतल्याशिवाय नीट निर्णय करता येत नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

संगणकाने आकडे छापण्याऐवजी चित्र दाखवावे, ही कल्पना आपल्याकडेही फार लवकर रुजली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झाला. त्याची मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांएवढी होती. आजच्या हिशेबाने ती नगण्य म्हणावी लागेल. पण त्या यंत्राला आलेख आणि अक्षरे दाखवणारी कॅथोड किरण नलिका जोडलेली होती. चित्र दाखवणे आणि चित्राशी संवाद साधणे यांत मात्र मोठे अंतर आहे. ते अंतर १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या संशोधक विद्यार्थ्याने ओलांडले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर त्याने ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली उभारली. प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून रेषा ओढता येत होती. एवढेच नव्हे, ‘या दोन रेषा समांतर राहोत’, ‘हा कोन काटकोन असो’ अशा अटी घालता येत होत्या आणि आकृती हलवली तरी संगणक त्या पाळत असे. आजचे प्रत्येक कॅड सॉफ्टवेअर त्या प्रबंधाचे वारस आहे.

स्केचपॅडने एक अडचणही उघड केली. चित्र ताजे ठेवण्यातच संगणकाची बरीच शक्ती खर्च होत होती. मुख्य प्रोसेसरने गणित करावे की रेषा ओढाव्यात? १९६८ साली सदरलँड आणि युटा विद्यापीठातील डेव्हिड इव्हान्स यांनी कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी तिचे एलडीएस-१ हे यंत्र आले. आकृती फिरवणे, लहान-मोठी करणे आणि पडद्याबाहेर जाणारा भाग छाटणे ही कामे त्यात स्वतंत्र विद्युतमंडले करीत. ग्राफिक्ससाठी वेगळे यंत्रांग हवे, हा विचार तिथून पक्का झाला. अशी यंत्रे संरक्षण प्रयोगशाळा, विमान आणि मोटार कंपन्या यांनाच परवडत. फ्रान्सच्या दासो विमान कंपनीने १९७७ च्या सुमारास स्वतःच्या विमानांसाठी जे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, तेच पुढे ‘कॅटिया’ म्हणून जगभर गेले. त्या काळी ‘व्यावसायिक’ आणि ‘सामान्य’ अशा दोन जाती नव्हत्याच, कारण सामान्य माणसाच्या हाती ग्राफिक्स पोहोचलेलेच नव्हते.

१९८२ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जिम क्लार्क यांनी त्या वर्षी ‘जॉमेट्री इंजिन’ या चिपचे वर्णन प्रसिद्ध केले. क्लार्क हे युटा विद्यापीठात तयार झालेले संशोधक, म्हणजे सदरलँड-इव्हान्स परंपरेतलेच. त्यांच्या रचनेत एकाच जातीच्या बारा चिपा ओळीने जोडायच्या होत्या. चार चिपा आकृती फिरवण्याचे गणित करतील, सहा छाटणीचे आणि दोन ती पडद्याच्या मापात बसवण्याचे. कपाटाएवढ्या यंत्राचे काम एका पाटीवर आले. या चिपेच्या बळावर क्लार्क यांनी सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभी केली. त्याच वर्षी ऑटोडेस्कचे ऑटोकॅड आले, जे साध्या वैयक्तिक संगणकावर चालत होते. त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सची स्थापना झाली. तिचे एक संस्थापक, दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर विनोद खोसला, त्याआधी इलेक्ट्रॉनिक आराखड्यांसाठी कॅड प्रणाली बनवणाऱ्या डेझी सिस्टिम्समध्ये होते. आराखड्याचे सॉफ्टवेअर विकायचे तर त्यासाठी संगणकही स्वतःच बांधावा लागतो, हा तिथला वैताग सनच्या जन्माला कारणीभूत ठरला. वर्कस्टेशन हा शब्द रूढ झाला तो याच वर्षांत.

वैयक्तिक संगणकावर दोन जातींची पहिली ठळक विभागणी १९८४ मध्ये दिसते. आयबीएमने त्या वर्षी दोन कार्डे आणली. सर्वसामान्यांसाठीचे ईजीए, ज्यावर ६४० बाय ३५० बिंदू आणि एका वेळी १६ रंग दिसत. आणि ‘प्रोफेशनल ग्राफिक्स कंट्रोलर’, ज्यावर ६४० बाय ४८० बिंदू आणि २५६ रंग दिसत. दुसऱ्या कार्डावर स्वतःचा ८०८८ प्रोसेसर होता, म्हणजे मूळ संगणकात जो प्रोसेसर तोच कार्डावर पुन्हा एकदा. ते कॅडसाठीच बनवले होते आणि बरेच महाग होते. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की हा फरक पूर्णपणे खरा होता. डोळ्यांना दिसत होता, पाटीवर हाताने दाखवता येत होता. व्यावसायिक कार्डाला जास्त पैसे मोजणारा ग्राहक जास्त सिलिकॉन विकत घेत होता.

पुढची आठ-दहा वर्षे उंच जागा सिलिकॉन ग्राफिक्सची होती. तिच्या यंत्रांशी बोलण्याची भाषा तिच्या एकटीची होती. १९९२ साली तिने ती भाषा सुधारून सर्वांसाठी खुली केली आणि तिचे नाव ठेवले ओपनजीएल. कोणतेही सॉफ्टवेअर, कोणत्याही कंपनीचे कार्ड, मधली भाषा एकच, असा तो करार होता. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीमध्ये ओपनजीएल दाखल झाले. त्याच वर्षी जून महिन्यात बोइंग ७७७ ने पहिले उड्डाण केले. कॅटियाच्या साहाय्याने संपूर्णपणे संगणकावर आरेखित झालेले ते पहिले प्रवासी जेट विमान मानले जाते. १९९५ साली सॉलिडवर्क्स आले, जे वर्कस्टेशनवर नव्हे, तर थेट विंडोजवर चालण्यासाठी लिहिलेले होते. महागड्या वर्कस्टेशनांचा पाया खचू लागला होता.

पाया खरोखर ढासळला तो खेळांमुळे. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले. त्याने सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्राची बरोबरी करण्याचा प्रयत्नच केला नाही. आकृती फिरवण्याचे गणित मुख्य प्रोसेसरवर सोडून दिले आणि त्रिकोण भरणे, त्यावर पोत चढवणे एवढेच काम झपाट्याने केले. खेळाला तेवढेच हवे होते. १९९७ च्या आरंभी ‘क्वेक’ या खेळाची ओपनजीएलवर चालणारी आवृत्ती निघाली, तेव्हा थ्रीडीएफएक्सने पूर्ण ओपनजीएल लिहिण्याऐवजी त्या खेळाला लागणाऱ्या मोजक्या आज्ञा तेवढ्या समजणारा ड्रायव्हर दिला. त्याला ‘मिनीजीएल’ म्हणत.

आजच्या प्रश्नाचे मूळ माझ्या मते या मिनीजीएलमध्ये आहे. ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर आणि चिप यांच्यामधला दुभाष्या. गेमिंगच्या दुभाष्याला खेळांची भाषा तेवढी उत्तम यावी, उरलेली कामचलाऊ आली तरी चालेल, अशी तजवीज अगदी प्रारंभापासून होती. त्यात लबाडी नव्हती; ग्राहकाला काय हवे याचा तो साधा हिशेब होता.

आणि दोन्ही ग्राहकांच्या गरजा खरोखरच वेगळ्या आहेत. खेळातील दृश्य कलावंतांनी आधी तासूनपुसून ठेवलेले असते. कमी त्रिकोणांत जास्त भास कसा होईल, हे पाहिलेले असते. कॅडमध्ये असा कुणी मध्यस्थ नसतो. अभियंता गिअरबॉक्स उघडतो, त्यात हजारो भाग असतात, प्रत्येक बोल्टचा आटा असतो, आणि त्यांचे लाखो इवलेसे त्रिकोण एकाच वेळी पडद्यावर येतात. शिवाय प्रत्येक कडेची रेषा स्वच्छ दिसावी लागते. तिला पायऱ्या पडलेल्या चालत नाहीत. भाग मधोमध कापून आत पाहायचा असतो, म्हणजे छेदपातळ्या लागतात आणि पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंवर प्रकाश पडावा लागतो. खेळात भिंतीची मागची बाजू कुणी पाहत नाही. कॅडमध्ये पाहावीच लागते. गुळगुळीत रेषा, द्विबाजू प्रकाश, छेदपातळ्या या ओपनजीएलमधल्या जुन्या सोयी. व्यावसायिक ड्रायव्हर त्या चिपेकडून वेगाने करवून घेत, तर गेमिंगच्या ड्रायव्हरमध्ये त्या रडतखडत चालत.

१९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणले. व्हूडूने मुख्य प्रोसेसरवर सोडलेले गणित, म्हणजे क्लार्क यांच्या बारा चिपा करीत ते काम, या कार्डाची एकच चिप करू लागली. साधारण सतरा वर्षांत कपाट, मग पाटी, मग पाटीवरचा एक तुकडा असा हा प्रवास झाला. त्याच चिपेवर आधारलेले ‘क्वाड्रो’ हे कार्ड एनव्हिडियाने वर्कस्टेशनसाठी विकायला घेतले. इथे इतिहासात पहिल्यांदा स्पष्टपणे दिसते की गेमिंगचे आणि व्यावसायिक कार्ड यांचे सिलिकॉन एकच आहे. त्याच वर्षी सिलिकॉन ग्राफिक्सने एनव्हिडियाशी पेटंटचा वाद मिटवला. तिचे अनेक अभियंते एनव्हिडियाकडे गेले आणि तिच्याच यंत्रांत एनव्हिडियाच्या चिपा दिसू लागल्या. पुढे २००६ आणि २००९ अशी दोनदा सिलिकॉन ग्राफिक्सने दिवाळखोरी पत्करली.

सिलिकॉन एकच आहे, हे जिज्ञासू मंडळींच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. सुरुवातीच्या जीफोर्स कार्डांवरचे काही इवलेसे रोधक काढून दुसऱ्या जागी बसवले की संगणक त्या कार्डाला क्वाड्रो समजू लागे. पुढे तेही करावे लागेना. रिव्हाट्यूनर या प्रणालीतील ‘सॉफ्टक्वाड्रो’ नावाची युक्ती ड्रायव्हरलाच चकवीत असे. चिप तीच, मेमरी तीच. ड्रायव्हरची समजूत तेवढी बदलली की कॅडमधला वेग बदले. पुढील पिढ्यांत कंपनीने या वाटा एकेक करून बंद केल्या.

या घटनेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. क्वाड्रोला जास्त पैसे देणारा ग्राहक आता मुख्यतः सिलिकॉन नव्हे, तर सॉफ्टवेअर आणि ते वापरण्याचा हक्क विकत घेत होता. १९८४ आणि १९९९ यांमधला हा मूलभूत फरक आहे.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांविषयी हेच निरीक्षण नोंदवले होते. डब्यावर छप्पर घालायला फारसा खर्च नव्हता. पण ते घातले असते तर ज्यांना दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडते तेही तिसऱ्या वर्गाने गेले असते. संगणकांच्या दुनियेत १९९१ चा इंटेल ४८६एसएक्स हा प्रोसेसर याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो म्हणजे महागड्या ४८६डीएक्सचाच अवतार. दशांश गणिताचा विभाग तेवढा निकामी केलेला. ग्राफिक्स चिपांतही असे घडले. २०१० साली एनव्हिडियाच्या ‘फर्मी’ पिढीतील एकच चिप गेमिंगच्या आणि वैज्ञानिक गणनेच्या अशा दोन्ही कार्डांत वापरली गेली. ६४ बिटांच्या अचूकतेचे गणित वैज्ञानिक कार्डात ३२ बिटांच्या निम्म्या वेगाने चाले, तर गेमिंगच्या कार्डात त्याचा वेग एक अष्टमांशावर आणून ठेवला होता. शास्त्रज्ञांनी गेमिंगची कार्डे घेऊन काम भागवू नये, हा त्यामागचा उघड हेतू.

तरीही दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. खेळांची कार्डे विकत घेणारे कोट्यवधी, कॅडची घेणारे त्या मानाने मूठभर. कॅटिया, सीमेन्स एनएक्स, क्रिओ, सॉलिडवर्क्स यांच्या प्रत्येक आवृत्तीवर ड्रायव्हर तपासायचा, दोष सापडला तर दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून तो काढायचा आणि मग ‘हे कार्ड, हा ड्रायव्हर, ही आवृत्ती’ अशा त्रयीला प्रमाणपत्र द्यायचे, हे काम खर्चिक आहे. तो खर्च मूठभर ग्राहकांवरच पडतो. विमानाच्या पंखाचा आराखडा करणाऱ्या कार्यालयात कार्यक्रम बंद पडून एक दिवस वाया गेला तर त्याची किंमत कार्डाहून जास्त होते. तिथे प्रमाणपत्र म्हणजे एक प्रकारचा विमाच असतो. शिवाय मोठी मेमरी हा फरक आजही पूर्णपणे खरा आहे. संपूर्ण कारखान्याची किंवा विमानाची जुळणी २४ गिगाबाइटांत मावली नाही तर कार्ड कितीही वेगवान असो, उपयोग शून्य. वैश्विक किरण किंवा अन्य कारणांनी मेमरीतील एखादा बिट आपोआप पालटतो, तेव्हा तो ओळखून दुरुस्त करणारी मेमरी, जिला ईसीसी म्हणतात, हीदेखील व्यावसायिक कार्डांची खासियत होती. अलीकडे ती काही महागड्या गेमिंग कार्डांतही दिली जाते.

गेल्या काही वर्षांत ही भिंत बरीच झिजली आहे, आणि ती कशी झिजली हे पाहिले की ती कशाची होती हेही कळते. २०१७ च्या जूनमध्ये एएमडीने वेगा फ्रंटियर एडिशन हे कार्ड आणले. गेमिंगचा आणि व्यावसायिक असा दोन्ही ड्रायव्हरांचा मार्ग त्यात खुला होता. सुमारे महिन्याभरानंतर एनव्हिडियाने आपल्या टायटन एक्सपी कार्डासाठी नवा ड्रायव्हर दिला आणि काही व्यावसायिक सॉफ्टवेअरांत वेग तिपटीपर्यंत वाढल्याचे स्वतःच सांगितले. ग्राहकांच्या संगणकातले सिलिकॉन होते तेच होते. रातोरात बदलला तो दुभाष्या. २०१९ साली ओपनजीएलमधले ३० बिटी रंग, जे तोवर क्वाड्रोचे वैशिष्ट्य होते, जीफोर्सलाही मिळाले. २०२२ मध्ये एएमडीने विंडोजवरचा आपला ओपनजीएल ड्रायव्हर सुधारला आणि साध्या रेडिऑन कार्डांचाही वेग एकाएकी वाढला. लिनक्सवरील ‘मेसा’ या मुक्त ड्रायव्हरमध्ये तर एएमडीच्या गेमिंगच्या आणि व्यावसायिक कार्डांत भेद करण्याची पद्धतच नाही. तिथे भिंत बांधायला कुणाला कारण नव्हते, म्हणून ती बांधली गेली नाही.

सॉफ्टवेअरांनीही वाट बदलली. ऑटोकॅड आणि इन्व्हेंटर डायरेक्टथ्रीडीकडे वळले. ती खेळांचीच भाषा असल्यामुळे गेमिंगच्या कार्डांना ती उत्तम येते. सॉलिडवर्क्सने २०१९ आणि २०२० च्या आवृत्त्यांत चित्र काढण्याची आपली रचना नव्याने बांधली आणि चिपेवर जास्त भार टाकला. २०२० मध्ये एनव्हिडियाने ‘क्वाड्रो’ हे नावही नव्या कार्डांवरून काढून टाकले. नाव गेले, पण दोन जाती आणि दोन किमती राहिल्या. एनएक्ससारख्या काही सॉफ्टवेअरांच्या चाचण्यांत गेमिंगचे कार्ड आजही व्यावसायिक कार्डाच्या कितीतरी मागे पडते.

आता त्या भीतीविषयी, की गेमिंगच्या कार्डावर केलेल्या आराखड्यात मापे चुकतात. ही समजूत चुकीची आहे आणि ती विद्यार्थ्यांच्या मनातून जायला हवी. कॅडमधील खरी भूमिती, म्हणजे वक्रांची समीकरणे, छेद, मापे, यांचे गणित पॅरासॉलिड किंवा एसीआयएससारखा भूमितीचा गाभा मुख्य प्रोसेसरवर ६४ बिटांच्या अचूकतेने करतो. ग्राफिक्स कार्डाकडे जाते ती त्या भूमितीची त्रिकोणांत मोडलेली नक्कल, केवळ दाखवण्यासाठी. पडद्यावर एखादी रेषा तुटक दिसली तरी फाइलमधला दंडगोल तसूभरही बदलत नाही. लेथवर जाते ते फाइलमधले माप, पडद्यावरचे चित्र नव्हे. ताण, उष्णता किंवा प्रवाह यांचे गणित कार्डावरच करायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मेमरीची शुद्धता आणि ६४ बिटांचा वेग यांना महत्त्व येते. मात्र ६४ बिटांच्या बाबतीत बहुतेक व्यावसायिक कार्डे गेमिंगच्या कार्डांएवढीच मंद असतात, हेही लक्षात ठेवावे. वर सांगितलेल्या ३०९० आणि ए६००० या दोन्हींत तो वेग ३२ बिटांच्या एक चौसष्टांश आहे. ‘व्यावसायिक’ या शब्दावरून ते गृहीत धरू नये.

हा सारा इतिहास परदेशी कंपन्यांचा असला तरी त्यातून निघणारा प्रश्न आपल्या देशाचा आहे. कॅडमध्ये भारत केवळ ग्राहक होता असे नाही. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीएसटीत, संगणकीय ग्राफिक्सवर संशोधन झाले. बेंगळुरूच्या वैमानिकी विकास संस्थेने तेजस विमानाच्या संमिश्र द्रव्याच्या भागांसाठी ‘ऑटोले’ हे सॉफ्टवेअर विकसित केले आणि त्याचा परवाना एअरबसनेही घेतला. तेजसने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले. सॉफ्टवेअर आपण लिहू शकतो, याचा तो पुरावा आहे. पण ते ज्या चिपांवर चालते त्यांच्याशी बोलणारा दुभाष्या आपल्या हाती नाही.

याचे परिणाम कॅडपुरते मर्यादित राहत नाहीत. २०१७ च्या अखेरीस एनव्हिडियाने जीफोर्सच्या ड्रायव्हरच्या परवान्यात एक अट घातली की हा ड्रायव्हर डेटा सेंटरमध्ये वापरता येणार नाही. कार्ड तुम्ही विकत घेतलेले, वीज तुमची, खोली तुमची. तरी ते कुठे चालवावे हे परवाना सांगणार. कमी पैशांत संशोधन करू पाहणाऱ्या विद्यापीठांसाठी ही अट अडचणीची ठरली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मोहिमेला मंजुरी दिली. तिचा एक मोठा भाग हजारो ग्राफिक्स प्रोसेसर उपलब्ध करून देण्यासाठी आहे. एवढी मोठी खरेदी होत असताना ‘चिपा किती?’ या प्रश्नाबरोबरच ‘त्यांचा ड्रायव्हर कोणाच्या ताब्यात आणि परवान्यात काय लिहिले आहे?’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. कॅडच्या कार्डांचा इतिहास नेमके हेच शिकवतो की यंत्र ताब्यात असणे आणि त्या यंत्राची पूर्ण शक्ती ताब्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि दुकानात उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्याचे काय? त्याने कार्डाची जात विचारण्याआधी आपले सॉफ्टवेअर कोणते हे विचारावे. ऑटोकॅड, इन्व्हेंटर किंवा फ्रीकॅडवर अभ्यासक्रमातले भाग रेखाटायचे असतील तर मध्यम किमतीचे गेमिंगचे कार्ड पुरेसे आहे. उरलेले पैसे वेगवान प्रोसेसर आणि जास्त मेमरी यांत घालावेत, कारण खरी भूमिती तिथेच घडते. सॉलिडवर्क्सवर लहान-मध्यम जुळण्या करायच्या असतील तरीही बहुधा तेच. एनएक्स किंवा कॅटियावर मोठ्या जुळण्या रोज हाताळायच्या असतील, किंवा ग्राहकाला मुदतीत काम देण्याची जबाबदारी असेल, तर सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रमाणित कार्डांची यादी पाहावी आणि त्यातले साधे व्यावसायिक कार्ड घ्यावे. एखाद-दोन पिढ्या जुने असले तरी हरकत नाही. ते खेळांच्या चाचण्यांत मागे पडेल, कॅडमध्ये सहसा पडणार नाही.

वडिलांनी कर्ज काढून दिलेल्या पैशांत महागडे कार्ड बसवले नाही म्हणून कुणी कमी दर्जाचा अभियंता होत नाही. सदरलँडच्या टीएक्स-२ कडे आजच्या साध्या मोबाइलइतकीही शक्ती नव्हती. त्याच्याकडे होती ती दोन रेषा समांतर राहाव्यात म्हणजे नेमके काय, याची स्पष्ट जाण. ती कोणत्याही कार्डाबरोबर खोक्यात मिळत नाही.

आपण कोणत्या सॉफ्टवेअरवर काम करता आणि कोणत्या कार्डाने आपले भागते, हे खाली अवश्य लिहावे. पुढच्या वर्षी संगणक घेणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.